काट्यावरचा पीसी आणि ऑफिसातला सर्व्हर: जावामध्ये दोघांची ओळख कशी पटवायची

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात दर जूनला दोन-तीन नवी पोरं येतात. जावा बऱ्यापैकी येत असतं, कॉलेजात एखादा प्रोजेक्टही झालेला असतो. पण 'या अ‍ॅपला एचटीटीपीएस लाव आणि क्लायंट त्यावर आण' एवढं सांगितलं की अर्ध्या तासात इंटरनेटवरून एक ठरावीक कोड उचलून आणतात. त्यात सर्टिफिकेट तपासणारं फंक्शन असतं आणि ते आतून रिकामं असतं. येईल त्याला 'या, बसा'. एरर जाते, चहा होतो, काम झालं म्हणून मेल जातो. कुलूप लावलं, पण किल्ली कडीलाच टांगून ठेवली, असा हा प्रकार.

हा लेख त्या पोरांसाठी आहे. सर्व्हर टॉमकॅट (जावाची वेब अ‍ॅप चालवणारा) धरलाय, कारण आपल्याकडच्या लहान-मध्यम कामांत तोच जास्त भेटतो. दुसरा सर्व्हर असला तर फायलींची नावं बदलतील, क्रम फारसा बदलणार नाही. आदेश आणि पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची.

उदाहरण साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं घेतो. कोल्हापूर जिल्ह्यात काट्याची भानगड कुणाला समजावून सांगावी लागत नाही. 'काटामारी', म्हणजे वजनात मारणं, हा शब्द इथल्या लहान पोरालाही माहीत असतो. गेटवर दोन काटे असतात, एक भरलेल्या गाडीचा आणि एक रिकाम्या गाडीचा. प्रत्येकाजवळ एक पीसी. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल केबलने वजन पीसीत येतं, तिथला जावा क्लायंट ते उचलतो आणि ऑफिसातल्या टॉमकॅटकडे पाठवतो. शेती विभागातली माणसं तेच आकडे ब्राउझरमध्ये बघतात. मधे अर्धा किलोमीटर केबल, दोन स्विच, आणि कुणीतरी सोयीसाठी बसवलेला एक वायफाय राउटर. त्या वाटेवर साध्या एचटीटीपीने वजन पाठवलं तर वाटेत बसलेला कुणीही ते वाचू शकतो, आणि थोडी अक्कल असली तर बदलूही शकतो.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नव्या माणसाची गल्लत इथेच होते. पहिला: क्लायंट ज्याच्याशी बोलतोय तो खरंच आपलाच सर्व्हर आहे का? दुसरा: सर्व्हरशी बोलणारा हा क्लायंट आणि त्याच्यापुढे बसलेला माणूस कोण? पहिल्याचं उत्तर टीएलएस (एचटीटीपीएसमधला 'एस', बोलणं गुप्त ठेवणारी भाषा) आणि सर्टिफिकेट देतं. दुसऱ्याचं उत्तर लॉगिन देतं, आणि हवं असल्यास क्लायंटचं स्वतःचं सर्टिफिकेट. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. सर्टिफिकेट म्हणजे काय हे समजायला काट्याकडेच बघा. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. शेतकरी काटा उघडून बघत नाही, शिक्का बघतो. शिक्का मारणाऱ्यावर त्याचा विश्वास असतो आणि त्या शिक्क्याला मुदत असते. सर्टिफिकेटचंही तसंच. त्यावर नाव असतं, मुदत असते आणि शिक्का मारणाऱ्याची सही असते.

आधी नाव आणि घड्याळ

कीटूलला (किल्ल्या आणि सर्टिफिकेट बनवायचं जावाचं साधन) हात लावण्याआधी दोन किरकोळ वाटणारी कामं करून घ्या. पुढच्या निम्म्या कटकटी त्यातून वाचतात.

पहिलं, सर्व्हरला नाव द्या. क्लायंटच्या कोडमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी लिहिलेला असेल तर तो काढून सेटिंगच्या फाईलमध्ये नाव टाका. समजा, 'काटा डॉट कारखाना डॉट इंटर्नल'. शेवटचं 'इंटर्नल' मुद्दाम आहे; हा शेवट आयकॅनने (इंटरनेटवरची नावं सांभाळणारी संस्था) २०२४ मध्ये खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवला. 'लोकल' हा शेवट टाळा, तो घरगुती नेटवर्कवर यंत्रं आपोआप शोधायच्या पद्धतीसाठी वापरला जातो आणि कधीकधी विचित्र त्रास देतो. नाव राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी यादी) घाला. ते जमत नसेल तर प्रत्येक पीसीच्या होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ पुरते.

दुसरं, घड्याळ. गेटवरचा पीसी बहुतेक वेळा ऑफिसातून निवृत्त होऊन तिथे गेलेला असतो. त्याच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, लाइट गेली की तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते. सर्टिफिकेटला सुरुवातीची तारीखही असते, त्यामुळे असा पीसी तुमचं नवंकोरं सर्टिफिकेट 'अजून लागूच झालेलं नाही' म्हणून नाकारतो. सेल बदला, वेळ सर्व्हरकडून घ्यायला लावा.

त्याच फेरीत क्लायंटवरची जावाची आवृत्तीही लिहून आणा. जावा ७ च्या क्लायंटमध्ये टीएलएस १.२ असतं, पण मुळात बंद असतं. जावा ८ पासून ते चालू आहे. टीएलएस १.३ जावा ११ मध्ये २०१८ साली आलं, जावा ८ ला ते २०२० च्या एका अपडेटमधून मिळालं. आणि एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून जावाने टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद केलं. म्हणजे सर्व्हरवर नवी जावा चढवलीत आणि गेटवर जावा ७ तशीच राहिली, तर दोघांना समजेल अशी भाषाच उरत नाही. अशा वेळी सर्व्हरच्या सिक्युरिटी फाईलमध्ये जाऊन जुनी भाषा पुन्हा चालू करणारे लोक मी पाहिलेत. त्यापेक्षा गेटचा पीसी बदला, फार तर त्यावरची जावा बदला.

शिक्का मारणारा घरचाच

ब्राउझरला आणि जावाला आपोआप पटेल असं सर्टिफिकेट सार्वजनिक संस्था देतात, पण त्या फक्त इंटरनेटवरच्या खऱ्या डोमेनला किंवा सार्वजनिक आयपीला देतात. १९२.१६८ च्या पत्त्याला किंवा 'इंटर्नल' नावाला कुणीच देत नाही. कारखान्याचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याखाली एक नाव घेऊन, डीएनएसमधून मालकी सिद्ध करून लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट मिळतं. ते चांगलंच आहे, फक्त नूतनीकरण आपोआप व्हायला हवं. नाहीतर घरचा शिक्केवाला, म्हणजे बाकीच्या सर्टिफिकेटांवर सही करणारी आपलीच एक किल्ली, तयार करा. आम्ही तेच करतो.

बरेच जण सर्व्हरसाठी एक स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट बनवतात आणि तेच सगळ्या क्लायंटवर नेऊन टाकतात. चालतं. पण ते बदलायची वेळ आली की पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक पीसीची वारी करावी लागते. घरचा शिक्केवाला असेल तर क्लायंटवर फक्त त्याचं सर्टिफिकेट एकदाच जातं, आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट कितीही वेळा बदला, क्लायंटला हात लावायचा नाही.

जावासोबत येणाऱ्या कीटूलनेच सगळं होतं. 'जेनकीपेअर' हा आदेश किल्ल्यांची जोडी बनवतो, एक गुप्त (प्रायव्हेट की) आणि एक उघडी. शिक्केवाल्याची जोडी बनवताना 'ईएक्सटी' या पर्यायात 'बीसी कोलन सी' लिहायचं, म्हणजे 'हा दुसऱ्यांवर सही करू शकतो' अशी नोंद होते. त्याची मुदत दहा वर्षं, म्हणजे ३६५० दिवस, ठेवायला हरकत नाही. ही किल्ल्यांची फाईल, म्हणजे कीस्टोअर, सर्व्हरवर ठेवायची नाही. पेनड्राइव्हवर, कपाटात, आणि एक प्रत दुसऱ्या कपाटात.

मग सर्व्हरची जोडी. अल्गोरिदम आरएसए, किल्लीची लांबी किमान २०४८, कीस्टोअरचा प्रकार पीकेसीएस१२. जावा ९ पासून हाच प्रकार मुळात धरला जातो, त्याआधी जेकेएस होता. आदेश दिला की कीटूल प्रश्न विचारायला लागतं, आणि पहिलाच प्रश्न असतो: तुमचं नाव आणि आडनाव काय? आमच्याकडचं प्रत्येक नवं पोर तिथे इमानेइतबारे स्वतःचं नाव आणि आडनाव लिहितं. अजून एकही चुकलं नाही! तिथे सर्व्हरचं नाव लिहायचं असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आजचे ब्राउझर ते नाव बघतच नाहीत. क्रोमने तर २०१७ पासूनच सोडून दिलंय. ते बघतात 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम', म्हणजे एसएएन. त्यामुळे 'ईएक्सटी' मध्ये 'एसएएन इक्वल्स डीएनएस कोलन' आणि पुढे सर्व्हरचं पूर्ण नाव घालायचंच. कुणी आयपीनेच जोडणार असेल तर स्वल्पविराम देऊन 'आयपी कोलन' आणि तो पत्ताही.

पुढे तीन पावलं: 'सर्टरिक्वेस्ट' ने सहीसाठी अर्ज काढायचा, शिक्केवाल्याच्या कीस्टोअरवर 'जेनसर्ट' चालवून सही करून घ्यायची, आणि 'इम्पोर्टसर्ट' ने ते उत्तर सर्व्हरच्या कीस्टोअरमध्ये त्याच एलियासखाली (कीस्टोअरमधलं नोंदीचं नाव) परत घालायचं. घालण्याआधी शिक्केवाल्याचं सर्टिफिकेट त्याच कीस्टोअरमध्ये वेगळ्या नावाने घालून ठेवा, नाहीतर 'साखळी जुळत नाही' म्हणून उत्तर परत येतं.

'जेनसर्ट' मध्ये दोन खड्डे आहेत. मी दोन्हींत पडलोय.

पहिला: अर्जात तुम्ही एसएएन लिहिलं असलं तरी सही करताना ते आपोआप पुढे जात नाही. सही करतानाही 'ईएक्सटी' मध्ये पुन्हा द्यावं लागतं. दिलं नाही तर सर्टिफिकेट व्यवस्थित तयार होतं, सही बरोबर असते, मुदत बरोबर असते, फक्त नाव नसतं.

दुसरा खड्डा मुदतीचा. एका हंगामात गाळप सुरू व्हायच्या तोंडावर, ३ नोव्हेंबरच्या रात्री साडेनऊला, मी सर्व्हरचं सर्टिफिकेट बनवलं. जोडी बनवताना 'व्हॅलिडिटी' ३६५ दिली होती, त्यामुळे मनात वर्षभराची निश्चिंती. पण अंतिम सर्टिफिकेटची मुदत सही करताना ठरते, आणि 'जेनसर्ट' ला मी मुदत दिलीच नव्हती. न सांगितल्यास कीटूल ९० दिवस धरतं. नोव्हेंबरच्या तीन तारखेपासून नव्वद दिवस म्हणजे एक फेब्रुवारी. हंगाम ऐन भरात, गव्हाणीला ऊस कमी पडू द्यायचा नाही अशी तंबी.

रात्री पावणेदहाला फोन आला. "साहेब, वजन दिसतंय पण पावती निघंना." काट्यामागे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मागून एका ड्रायव्हरचा आवाज येत होता, "रातभर हितंच झोपायचं व्हय ओ?" काटा क्लार्कने शहाणपणा करून हाताने पावत्या लिहायला सुरुवात केली होती. आणि शिक्केवाल्याचा पेनड्राइव्ह कुठे? आमच्या ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली आमच्या थोरल्या भागीदारांच्या घरी. पेनड्राइव्ह मिळाल्यावर काम दहा मिनिटांचं होतं: नवी सही, कीस्टोअरमध्ये घालणं, टॉमकॅट रीस्टार्ट. क्लायंटना हात लावावा लागला नाही हेच काय ते नशीब. मुदत संपायची तारीख आता आम्ही सर्टिफिकेट बनवल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहितो, आणि ती हंगामाबाहेर, जुलै-ऑगस्टात पडेल असेच दिवस मोजून देतो. कीस्टोअरवर 'लिस्ट' आणि 'व्ही' हे पर्याय देऊन बघा. 'व्हॅलिड फ्रॉम' च्या ओळीत खरी तारीख दिसते. मनातली नव्हे, ती खरी.

टॉमकॅटला सांगणं

हे सगळ्यांत सोपं. कॉन्फ फोल्डरातल्या सर्व्हर डॉट एक्सएमएल फाईलमध्ये ८४४३ पोर्टचा कनेक्टर नमुन्यादाखल असतोच. त्यावर 'एसएसएलएनेबल्ड' ट्रू करायचं, आत 'एसएसएलहोस्टकॉन्फिग' आणि त्याच्या आत 'सर्टिफिकेट' असा भाग लिहायचा, त्यात कीस्टोअरचा मार्ग आणि पासवर्ड. ही रचना टॉमकॅट ८.५ पासूनची आहे. जुन्या लेखांत सगळं कनेक्टरवरच एका ओळीत लिहिलेलं सापडेल. ते उचलू नका. 'प्रोटोकॉल्स' मध्ये टीएलएस १.२ आणि १.३ एवढेच ठेवा.

पासवर्ड लिहिला नाही तर टॉमकॅट 'चेंजइट' धरतं. जावाच्या स्वतःच्या विश्वासू सर्टिफिकेटांच्या फाईलचा, म्हणजे सीएसर्ट्सचा, पासवर्डही मुळात हाच. शब्दच सांगतो 'बदल', आणि कुणी बदलत नाही. लिनक्सवर कीस्टोअर आणि सर्व्हर डॉट एक्सएमएल फक्त टॉमकॅटच्या युजरला वाचता येतील असे हक्क द्या. ४४३ पोर्टचा हट्ट आतल्या नेटवर्कवर धरू नका. लिनक्सवर १०२४ खालच्या पोर्टला खास हक्क लागतात, आणि त्यासाठी टॉमकॅट रूट म्हणून चालवणं हा रोगापेक्षा वाईट उपाय.

क्लायंटने कुणावर विश्वास ठेवायचा

आता शिक्केवाल्याचं सर्टिफिकेट, त्याची प्रायव्हेट की नव्हे, फक्त सर्टिफिकेट, क्लायंटकडे न्यायचं. 'एक्सपोर्टसर्ट' ने काढा, क्लायंटवर 'इम्पोर्टसर्ट' ने एका वेगळ्या ट्रस्टस्टोअर फाईलमध्ये (कुणावर विश्वास ठेवायचा त्याची यादी) घाला. मग क्लायंट सुरू करणाऱ्या बॅच फाईलमध्ये 'जावाएक्स डॉट नेट डॉट एसएसएल डॉट ट्रस्टस्टोअर' या नावाने त्या फाईलचा मार्ग द्या. एवढंच. कोडमध्ये एक ओळही बदलत नाही.

सीएसर्ट्समध्ये घालायचा मोह होतो, कारण मग काहीच सांगावं लागत नाही. पण जावा अपडेट केली की नवी सीएसर्ट्स येते आणि तुमची नोंद गायब होते. वेगळी फाईल ठेवा.

ट्रस्टस्टोअर शक्यतो क्लायंटवरच्याच कीटूलने बनवा. सर्व्हरवर जावा १७ आणि गेटवर जुनी जावा ८ असेल, तर नव्याने बनवलेली पीकेसीएस१२ फाईल जुनीला उघडता येत नाही, कारण नव्या आवृत्तीने फाईल सील करायची पद्धत बदलली आहे. जावा ८ च्या ३०१ क्रमांकाच्या अपडेटपासून ती उघडते.

पत्ता मात्र सेटिंगमध्ये थेट 'एचटीटीपीएस' ने सुरू होणारा द्या. 'सर्व्हर आपोआप वळवेल' यावर विसंबू नका. वजनाची पोस्ट रिक्वेस्ट साध्या पोर्टवर गेली की पहिल्या फेरीतच आकडा आणि पासवर्ड उघड्यावर पडतो. वर जावाचा नवा एचटीटीपीक्लायंट मुळात कुठेच वळत नाही, त्याला ३०२ ('दुसऱ्या पत्त्यावर जा') मिळतो आणि वजन हवेत राहतं.

क्लायंट एचटीटीपी न वापरता थेट सॉकेटवर बोलत असेल, आणि जुन्या काटा-प्रोग्रॅमांत हे सर्रास असतं, तर आणखी एक गोष्ट. एसएसएलसॉकेट सही तपासतो, मुदत तपासतो, पण समोरच्याचं नाव सर्टिफिकेटशी जुळतं का हे न सांगता तपासत नाही. एसएसएलपॅरामीटर्समध्ये 'एंडपॉइंट आयडेंटिफिकेशन अल्गोरिदम' ला 'एचटीटीपीएस' ही किंमत द्यावी लागते. नाही दिली तर त्याच शिक्केवाल्याने सही केलेलं कुठलंही सर्टिफिकेट चालून जातं.

माणसांचं लॉगिन

वाट सुरक्षित झाली, आता माणूस कोण ते विचारू. वेब डॉट एक्सएमएलमध्ये 'सिक्युरिटी-कन्स्ट्रेंट' लिहून कुठल्या यूआरएलला कुठला रोल (युजरचा गट) लागतो ते सांगायचं, त्याखाली 'ट्रान्सपोर्ट-गॅरंटी' मध्ये 'कॉन्फिडेन्शियल', आणि 'लॉगिन-कॉन्फिग' मध्ये पद्धत. ब्राउझरवाल्यांसाठी फॉर्म, क्लायंट प्रोग्रॅमसाठी बेसिक, म्हणजे रिक्वेस्टच्या हेडरमध्येच नाव आणि पासवर्ड. एका अ‍ॅपला एकच पद्धत लागते, म्हणून आम्ही शेती विभागाची पानं आणि काट्याची सर्व्हिस अशी दोन अ‍ॅप वेगळी ठेवतो.

इथे एक फसवी जागा आहे. कन्स्ट्रेंटमध्ये 'एचटीटीपी-मेथड' म्हणून गेट आणि पोस्ट लिहिलंत, तर संरक्षण तेवढ्यालाच मिळतं. पुट, डिलीट वगैरे बाकी सगळे उघडे राहतात. मेथड लिहूच नका, म्हणजे सगळ्यांना लागू होतं.

बेसिक म्हणजे गुप्त असं पोरांना वाटतं, कारण हेडरमध्ये काहीतरी अगम्य दिसतं. ते बेस६४ असतं. मोडीत लिहिलेल्या चिठ्ठीसारखं: ज्याला मोडी येते तो वाचतो. बेसिकची लाज फक्त टीएलएस राखतं.

युजर आणि पासवर्ड टॉमकॅट-युजर्स फाईलमध्ये ठेवणं सरावापुरतं ठीक. खऱ्या कामाला डेटासोर्स रेल्म घ्या (रेल्म म्हणजे टॉमकॅटचा युजर तपासणारा भाग), म्हणजे युजर डेटाबेसमध्ये राहतात. पासवर्ड उघडे ठेवायचे नाहीत; 'सीक्रेटकी क्रेडेन्शियल हँडलर' लावा, तो पीबीकेडीएफ२ ही पासवर्डचा हॅश काढायची पद्धत वापरतो, आणि बिन फोल्डरातली डायजेस्ट स्क्रिप्ट हॅश काढून देते. हे सगळं लॉकआउट रेल्मच्या आत राहू द्या. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर तो खातं ३०० सेकंद बंद ठेवतो. रात्रपाळीच्या क्लार्कला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर सहाव्यांदा बरोबर पासवर्ड टाकूनही आत जाता येत नाही म्हणून फोन येतो. आणि प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या. 'काटा' नावाचं एकच खातं तिन्ही पाळ्यांना दिलंत, तर उद्या एखाद्या वजनाबद्दल तक्रार आल्यावर लॉगमध्ये 'काटा' एवढंच दिसेल.

यंत्राची ओळख

पासवर्ड माणसाबरोबर फिरतो. काटा क्लार्क घरून लॅपटॉपवरून लॉगिन करून वजन टाकू शकतो का? नुसत्या पासवर्डावर, हो. वजन फक्त गेटवरच्या त्या दोन पीसींवरूनच यावं असं हवं असेल तर यंत्रालाही सर्टिफिकेट द्यायचं.

दोन्ही पीसींसाठी वेगवेगळी जोडी बनवा, त्याच शिक्केवाल्याची सही घ्या, सही करताना 'ईकेयू' मध्ये (सर्टिफिकेट कशासाठी वापरायचं ते सांगणारी नोंद) 'क्लायंटऑथ' लिहा, आणि मुदत लिहायला विसरू नका, मघाचा तो खड्डा इथेही आहे. एकच फाईल दोन पीसींवर टाकली तर ओळख पटवण्यात अर्थ राहत नाही. क्लायंटच्या बॅच फाईलमध्ये ट्रस्टस्टोअरच्या जोडीला कीस्टोअर आणि त्याचा पासवर्डही द्यायचा. पीकेसीएस१२ मध्ये फाईलचा आणि आतल्या किल्लीचा पासवर्ड एकच ठेवावा लागतो.

टॉमकॅटमध्ये 'सर्टिफिकेटव्हेरिफिकेशन' ला 'रिक्वायर्ड' केलं आणि 'ट्रस्टस्टोअरफाईल' दिली की झालं. पण हे ८४४३ वर केलंत तर दुसऱ्या मिनिटाला शेती विभागातून फोन, कारण त्यांच्या ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट नाही. म्हणून यंत्रांसाठी वेगळा कनेक्टर, समजा ८४४४, आणि 'रिक्वायर्ड' फक्त त्यावर. मात्र तेच अ‍ॅप ८४४३ वरूनही दिसतं, म्हणजे मागचं दार उघडंच! ते बंद करायला काट्याच्या सर्व्हिसपुढे एक छोटा फिल्टर लावा: रिक्वेस्टवर 'एक्स५०९सर्टिफिकेट' नावाने संपणारा अ‍ॅट्रिब्यूट असतो, तो नसेल तर ४०३ (मनाई) द्या, असेल तर त्यातलं नाव वजनाच्या नोंदीत लिहा. टॉमकॅट ९ पर्यंत त्या अ‍ॅट्रिब्यूटचं नाव 'जावाएक्स' ने सुरू होतं, १० पासून 'जकार्ता' ने. या एका शब्दापायी आमचा एक पूर्ण दिवस गेला होता, कारण फिल्टर चुकत नव्हता, फक्त कायम ४०३ देत होता.

एरर वाचायची

रिकाम्या फंक्शनचा तो कोड उचलला जातो, कारण एरर कुणी वाचत नाही. वाचली तर ती बऱ्यापैकी सरळ बोलते.

'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' म्हणजे शिक्केवाला ओळखीचा नाही. ट्रस्टस्टोअर दिलेलंच नाही, मार्ग चुकलाय, किंवा त्यात भलतंच सर्टिफिकेट आहे. मार्ग चुकला तर जावा तक्रार करत नाही, रिकामं ट्रस्टस्टोअर धरून पुढे जाते आणि कधीकधी 'ट्रस्टअँकर्स पॅरामीटर मस्ट बी नॉन-एम्प्टी' असं काहीतरी म्हणते. विंडोजवर मार्गातल्या उलट्या रेघा आणि फोल्डरच्या नावातली मोकळी जागा आधी बघा.

'पाथ व्हॅलिडेशन फेल्ड' आणि खाली 'नॉटआफ्टर' व तारीख: मुदत संपली. 'नॉटबिफोर' असेल तर पीसीचं घड्याळ मागे आहे.

'नो सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम्स' किंवा 'नो नेम मॅचिंग': क्लायंटने हाक मारली ते नाव सर्टिफिकेटवर नाही. बहुधा कुणीतरी सेटिंगमध्ये पुन्हा आयपी लिहिलाय.

'अनरेकग्नाइज्ड एसएसएल मेसेज, प्लेनटेक्स्ट कनेक्शन' आणि शेवटी प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह मला फार आवडतं, जावाही बुचकळ्यात पडलेली दिसते. एचटीटीपीएसचा क्लायंट साध्या पोर्टवर, बहुतेक ८०८० वर, जाऊन धडकलाय.

'हँडशेक फेल्युअर': टीएलएसची आवृत्ती किंवा सायफर (मजकूर गुप्त करायची रीत) जुळत नाही, किंवा सर्व्हर क्लायंटचं सर्टिफिकेट मागतोय आणि ते मिळत नाहीये. टीएलएस १.३ मध्ये यातला दुसरा प्रकार जरा उशिरा उमटतो. क्लायंटला वाटतं हस्तांदोलन झालं, आणि पहिलं उत्तर वाचायला जावं तर नकार. त्यामुळे एरर भलत्याच ओळीवर दिसते.

यातल्या कशातही बसली नाही तर क्लायंट 'जावाएक्स डॉट नेट डॉट डीबग' ला 'एसएसएल, हँडशेक' देऊन चालवा. पानंच्या पानं येतील. घाबरू नका, सर्व्हरने पाठवलेल्या सर्टिफिकेटचं नाव आणि मुदत कुठे दिसते तेवढं शोधा, आणि शेवटचा 'फेटल' शब्द कुणी म्हटलाय ते बघा, क्लायंटने की सर्व्हरने. कुणी नाकारलं ते कळलं की कुठल्या यंत्रापुढे जाऊन बसायचं ते कळतं. जावा बाजूला ठेवून तपासायचं असेल तर ओपनएसएसएलचं 'एस क्लायंट' सर्व्हरचं सर्टिफिकेट थेट काढून दाखवतं.

८०८० बंद करताना

सगळं ८४४३ आणि ८४४४ वर आलं की जुना ८०८० चा कनेक्टर काढायचा. पण लगेच नाही. आठवडाभर अ‍ॅक्सेस लॉगमध्ये पोर्टही लिहायला लावा आणि ८०८० वर अजून कोण येतंय ते बघा. आमच्याकडे दोन्ही काटे हलवून झाल्यावरही एक पत्ता दर पाच मिनिटांनी येत होता, रात्री तीनलासुद्धा. कोणता पीसी, कुणालाच सांगता येईना. शेवटी स्विचपासून केबल धरून चालत गेलो. केबल ऑफिसच्या जिन्याखालून, कँटीनच्या भिंतीवरून, शेती विभागाच्या व्हरांड्यात निघाली. तिथे भिंतीवर 'आजचे गाळप' दाखवणारा टीव्ही होता, आणि त्याच्यामागे चिकटपट्टीने लावलेला कॉम्प्युटरचा छोटा डबा. त्याचा पत्ता बदलला, शिक्केवाल्याचं सर्टिफिकेट त्याच्यातही घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८०८० चा कनेक्टर फाईलमधून उडवला.